सातेरी वसाहत, प्लॉट नंबर चौदा

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी मी उभा राहून विचारलं, "नर माशी नक्की काय काम करते?" आणि सगळा वर्ग हसला. मी प्रश्न अगदी गंभीरपणे विचारला होता. महाबळेश्वरच्या खालच्या अंगाला एका गावात मधमाशीपालनाचं पाच दिवसांचं शिबिर होतं, आणि त्या वर्गात पन्नाशीच्या पुढचा मी एकटाच होतो. शिकवायला ज्ञानू नावाचा तिथलाच मधपाळ होता. त्याने डोकं खाजवलं.

"काय न्हाई करत सायेब. खातो आन् बसतो."

"नांगी असते ना?"

"न्हाई."

"मध गोळा करतो?"

"दुसरीनं आणल्याला खातो. राणीशी एकदा लगीन लागलं तर लागलं, न्हाईतर तेबी न्हाई."

"मग त्याला ठेवतात कशाला?"

"ठेवत्यात तवर ठेवत्यात. दिस वाईट आलं की कामकरी माश्या धरून भायेर काढत्यात."

हे सगळं मी वहीत उतरवून घेतलं आणि खाली लाल शाईने रेघ मारली. मला निवृत्त होऊन त्या दिवशी तीन महिने आणि अकरा दिवस झाले होते.

इस्लामपूरला जाताना एसटी जिथे दहा मिनिटं उगीचच थांबते, ते आमचं गाव. गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या नगरपंचायतीच्या नळाचं पाणी मला अजून प्यायचं आहे. जवळच्या साखर कारखान्याच्या आस्थापना विभागात मी चौतीस वर्षं काढली. आस्थापना म्हणजे माणसं घेणं, बदलणं आणि काढणं. तिथे माझ्या हाताखालून किती अर्ज गेले याची मोजदाद नाही, पण एवढं सांगतो की जगदाळेंच्या टेबलावर अर्ज कधी पडून राहिला नाही. तो मंजूर व्हायचा किंवा निकाली निघायचा. बहुतेक निकालीच निघायचा, पण वेळेत. माझं एक तत्त्व होतं की विषय वाचला म्हणजे अर्ज वाचला. ज्याला दोन ओळींत विषय मांडता येत नाही, त्याला पुढच्या दोन पानांतही काही सांगायचं नसतं.

माझ्या शेऱ्यांची कारखान्यात ख्याती होती. एकदा एका बाईचा अर्ज आला. विषय होता, 'मालकाच्या जागेवर मला घेण्याबाबत.' मी शेरा मारला, 'कारखाना सहकारी असून त्यास मालक नाही. सबब मालकाची जागा रिक्त असण्याचा प्रश्न उद्भवत नाही. अर्ज निकाली.' हा शेरा कार्यकारी संचालकांनी चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवला होता. माझ्या निरोप समारंभातही तो कुणीतरी पुन्हा सांगितला आणि लोक पुन्हा हसले. नंतर मला शाल, श्रीफळ आणि भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्या माणसाला उद्यापासून किती वाजले याच्याशी कर्तव्य उरणार नाही त्याला घड्याळ का देतात, हे मला अजून कळलेलं नाही.

घरी बायको होती, म्हणजे नव्हती. विजयमाला प्राथमिक आरोग्य केंद्रात सिस्टर आहे आणि तिच्या निवृत्तीला अजून तीन वर्षं आहेत. सकाळी आठला ती डबा भरून बाहेर पडायची. सवयीने मीही साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचो आणि मग सोफ्यावर बसायचो. पहिल्या महिन्यात दोनदा मी चालत कारखान्याच्या गेटपर्यंत जाऊनही आलो. वॉचमनने पहिल्यांदा सलाम केला. दुसऱ्यांदा त्याने विचारलं, "काय काम होतं साहेब?" त्यानंतर मी गेलो नाही.

मधमाश्यांचं खूळ इथून सुरू झालं. खूळ हा शब्द विजयमालाचा. माझ्या मते तो प्रकल्प होता.

मार्चमध्ये ज्ञानू स्वतः टेम्पोतून पेटी घेऊन आला. माशी सातेरी होती. ही आपल्या डोंगरातली जात, अंगाने लहान, स्वभावाने भित्री, आणि मनासारखं झालं नाही तर घर सोडून निघून जाणारी. परसात पेरूच्या झाडाखाली लोखंडी घोडी ठेवली, मुंग्या चढू नयेत म्हणून घोडीचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले आणि त्यावर पेटी बसवली. ज्ञानूने झाकण उघडून मला राणी दाखवली. जाताना म्हणाला, "सायेब, लय उघडझाप करू नका. तुमी नसला तरी त्येंचं चालतंय." त्याचा हेतू वाईट नव्हता, तरी ते वाक्य मला लागलं.

पहिला सल्ला शेजारच्या सयाजीरावांचा आला. ते सैन्यातून सुभेदार होऊन परतले आहेत आणि निवृत्ती हा प्रकार त्यांना कधी झालाच नाही. पहाटे पाचला ते स्वतःच स्वतःची परेड घेतात. कंपाउंडवरून डोकं काढून ते म्हणाले, "जगदाळे साहेब, ही माशी न्हवं, बटालियन हाय. ड्यूटी काय असती ती हिच्याकडनं शिकायची. एकीला तरी विचारावं लागतंय का, माझं काम काय म्हनून?" मग ते दारावरच्या पहारेकरी माश्यांची तपासणी करायला इतके जवळ गेले की डाव्या पापणीवर डंख बसला. आठ दिवस त्यांचा तो डोळा बंद होता आणि उघड्या डोळ्याने ते माझ्याकडे बघत होते. तरीही ते म्हणाले, "गार्ड बरोबर हाय. आयडेंटिटी न्हाई, एंट्री न्हाई."

त्या पेटीसमोर प्लास्टिकची खुर्ची टाकून बसण्यात माझा उन्हाळा गेला. खोटं कशाला बोलू, ते दिवस बरे होते. माहितीपुस्तिकेत लिहिलं होतं की कामकरी माशी जन्मली की पहिले काही दिवस झाडलोट करते, मग पिलांना भरवते, मग मेण काढून घर बांधते, मग दारावर उभी राहते आणि सगळ्यात शेवटी बाहेर फुलांवर जाते. तिथेच पंख झिजून ती मरते. म्हणजे सगळ्यात कठीण काम सगळ्यात म्हाताऱ्या माशीकडे! हे वाचल्यावर मी पुस्तिका मिटली. पेटीतल्या पंधरा हजार माश्यांत शाल आणि श्रीफळ घेऊन परत आलेली एकही नव्हती. आपल्याकडे मात्र माणसाला सगळं यायला लागलं की घरी पाठवतात, हे काही मला पटलं नाही.

जुलैत पाऊस लागला आणि फुलं गेली. एके सकाळी पेटीच्या दारात झटापट दिसली. तीन कामकरी माश्या एका जाड, काळसर माशीला पंखाला धरून बाहेर ओढत होत्या. तो नर होता. तो पुन्हा आत शिरायचा, त्या पुन्हा त्याला ओढून काढायच्या. शेवटी तो फरशीवर उताणा पडला. बाजूला असे आणखी अकरा पडले होते. मी विजयमालाला हाक मारली. ती डब्याचं झाकण लावत दारात आली, क्षणभर बघून म्हणाली, "बापरे," आणि मग म्हणाली, "अहो, जाताना गॅस बंद करा, दूध उतू जाईल." मी कुठेही जाणार नव्हतो, हे तिच्या लक्षात नव्हतं. माझ्या लक्षात होतं.

त्याच दिवशी मी ठरवलं की या प्रकल्पाला कागद पाहिजे. बिनकागदाचं काम म्हणजे छंद, आणि छंदी माणसाला कुणीही गॅस बंद करायला सांगतं.

नगरपंचायतीच्या आवक खिडकीवर स्वप्नाली नावाची मुलगी बसते. तिने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "काका, एका मधपेटीला परवानगी लागत नाही."

"लागत नाही, हे लेखी द्या."

"लागत नाही ते लेखी कसं देणार?"

"ना हरकत म्हणून द्या."

तिने सुस्कारा सोडला. "मग अर्ज करा."

हे ऐकून मला किती बरं वाटलं म्हणून सांगू! त्या रात्री नव्हे, त्याच दुपारी मी अर्ज लिहायला बसलो. तीन कच्चे मसुदे केले. नुसतं 'मधमाश्यांची पेटी' लिहिणं मला पोरकट वाटलं. शिबिराच्या पुस्तिकेत पेटीतल्या सगळ्या कुटुंबाला 'वसाहत' हा शब्द होता. तो शब्द वजनदार होता, शासकीय होता. मी विषय लिहिला, 'प्लॉट क्र. १४ येथे नवीन सातेरी वसाहत स्थापन केल्याबाबत.' खाली सविस्तर मजकूर लिहिला की सदर वसाहतीत अंदाजे पंधरा हजार कामकरी, काही नर व एक राणी वास्तव्यास आहेत. आणि शेवटी, हात तिथे गेला की आपोआप उमटतं ते वाक्य उमटलं, 'तरी सदर वसाहतीची नोंद घेऊन नियमानुसार देय असलेल्या सर्व सोयी-सुविधा प्राधान्याने मिळाव्यात, ही नम्र विनंती.' कुठेही खाडाखोड नव्हती. पोच घेतली आणि घरी येऊन ती नव्या फायलीत लावली. निवृत्तीनंतर त्या दिवशी मला पहिल्यांदा दुपारची झोप लागली.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. सातेरी वसाहतीचा मंजूर आराखडा, बिगरशेती आदेश, अंतर्गत रस्त्यांची रुंदी आणि सोडलेल्या खुल्या जागेचा तपशील सात दिवसांत सादर करावा.

विजयमालाने पत्र वाचलं आणि हसून हसून तिच्या डोळ्यात पाणी आलं. "अहो, त्यांना वाटलं तुम्ही कॉलनी बसवताय! जाऊन सांगून या ना, मधमाश्या आहेत म्हणून."

"सांगायचं काय? अर्जात लिहिलंय. त्यांनी वाचायला नको?"

"तुम्ही वाचत होता का?"

 मी कागद ओढला आणि नगरपंचायतीला उत्तर लिहिलं. 'वसाहतीची लांबी पंचेचाळीस सेंटिमीटर. अंतर्गत रस्त्यांची रुंदी आठ मिलिमीटर, सर्व रस्ते मेणाचे. खुली जागा म्हणून संपूर्ण आभाळ सोडण्यात आले आहे.' चौतीस वर्षांच्या शेऱ्यांमध्येही एवढा झकास शेरा मला कधी जमला नव्हता. तो वाचून नगरपंचायतीत चहाच्या वेळी कुणी हसेल, मग चूक त्यांच्या ध्यानात येईल आणि कोण हा जगदाळे म्हणून चौकशी होईल, अशी माझी कल्पना होती.

कुणी हसलं नाही. कुणी वाचलंच नाही. फायलीत आणखी एक कागद वाढल्यावर प्रकरण पुढे सरकलं आणि ऑगस्टच्या शेवटी दोन माणसं येऊन आमच्या बोळाच्या तोंडाशी निळी पाटी रोवून गेली. 'सातेरी वसाहत', खाली बाण, आणि बाण थेट माझ्या परसाकडे.

इथे मी कबूल करतो. मी तेव्हाच जायला हवं होतं. स्वप्नालीची खिडकी दहा मिनिटांवर होती. पण संध्याकाळी फिरून येताना ती पाटी दिसायची आणि मला बरं वाटायचं. कारखान्यात माझ्या नावाची पाटी टेबलावरची होती. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी ती उलटी करून मागच्या बाजूला नव्या माणसाचं नाव रंगवलं होतं. ही पाटी लोखंडी होती आणि सिमेंटमध्ये बसवलेली होती.

पाटीमुळे त्रास झाला नाही असं नाही. मतदार यादीचं काम लावलेले एक गुरुजी घाम पुसत आले आणि सातेरी वसाहतीत मतदार किती म्हणून विचारू लागले. सयाजीराव कंपाउंडवरून म्हणाले, "पंधरा हजार, आन् समद्या लेडीज." गुरुजी पाणी प्यायले आणि निघून गेले. म्हसवडहून ज्योतिबा नावाचे एक गृहस्थ लेकासाठी प्लॉट बघायला आले. त्यांना मी पेटी दाखवली. बराच वेळ न्याहाळून ते म्हणाले, "जागा चांगली हाय, पन लय दाटी हाय." घरोघरी डासांच्या अळ्या तपासत फिरणाऱ्या खुद्द विजयमालाला घोडीच्या चारही वाट्यांत अळ्या सापडल्या. तिने माझ्याच घराच्या नावे नोंद केली आणि मला सगळ्यांसमोर कोरडा दिवस पाळायला सांगितलं. वाट्यांत मी जळकं तेल ओतलं. त्या वर्षी डेंग्यूची साथ होती आणि तिला जेवायलाही फुरसत नव्हती.

ना हरकत मात्र येत नव्हती. सप्टेंबरच्या शेवटी मी स्मरणपत्र दिलं. 'दि. १९ जुलैच्या अर्जानुसार सातेरी वसाहतीबाबत पुढील कार्यवाही त्वरित व्हावी.' 'त्वरित'खाली रेघ मारली.

ऑक्टोबरच्या सहा तारखेला सकाळी निघताना विजयमाला म्हणाली, "आज धुराची गाडी येणार आहे म्हणे गावात. आधी नव्या वसाहतीत, मग बाकीकडे."

"कुठली नवी वसाहत?"

"काय माहीत. कॅनॉलकडची असेल."

मी म्हणालो, "चांगलं आहे. तिकडे फार डास आहेत." हे मी स्वतःच्या तोंडाने म्हणालो.

संध्याकाळी साडेपाचला मी आत चहा गाळत होतो. माश्या घरी परतायची ती वेळ. बाहेरून फटफट असा मोठा आवाज आला आणि खिडकी पांढरी झाली. मी चहाचं गाळणं हातात घेऊनच परसात धावलो. मागचं फाटक उघडून एक माणूस आत आला होता. त्याच्या खांद्यावर धुराचं यंत्र होतं, नाकातोंडाला आणि कानांना पंचा गुंडाळलेला. पेरूच्या झाडाखाली दाट, कोंदट जागा बघून तो मन लावून तिथेच धूर सोडत होता. "अहो थांबा! बंद करा! माश्या आहेत!" मी ओरडत राहिलो. त्या आवाजात मलाच माझं ऐकू येत नव्हतं. शेवटी मी त्याचा हात धरला तेव्हा त्याने यंत्र बंद केलं आणि पंचा खाली केला. पोरगेलासा, घामाने निथळलेला चेहरा.

"व्हय, माश्याबी मरत्यात त्येनं," तो समाधानाने म्हणाला. मग माझं तोंड बघून गडबडला. "काय चुकलं का सायेब? यादीत पयलं नाव तुमचंच हाय." त्याने खिशातून घडी काढली. सातेरी वसाहत, प्लॉट नंबर चौदा, प्राधान्य. कागदाला टाचणीने माझं स्मरणपत्र जोडलेलं होतं. 'त्वरित'खालची रेघ अगदी सरळ होती. मोजपट्टी लावून मारली होती मी ती.

त्या पोराला मी काय बोलणार? सही मागितली त्याने, सुविधा मिळाल्याची. मी केली.

झाकण उघडायचं धाडस मला झालं नाही. सयाजीराव कंपाउंड चढून आले, त्यांनी उघडलं, आत बघितलं आणि झाकण परत ठेवून टोपी काढली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काही सल्ला दिला नाही. विजयमाला साडेसातला आली. तिने काय झालं ते ऐकलं, पर्स तशीच खांद्यावर ठेवून माझ्या शेजारी पायरीवर बसली. मला वाटलं, ती म्हणेल की सांगत होते मी. ती एवढंच म्हणाली, "सकाळी मीच म्हणाले होते हो तुम्हाला, गाडी येणार म्हणून." तेव्हा मला रडू आलं. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस माश्यांसाठी रडतो हे दिसायला बरं नाही, म्हणून मी चष्मा पुसत बसलो.

सकाळी पेटीच्या आत आणि खाली फरशीवर मेलेल्या माश्यांचा थर होता. राणी मला एका कोपऱ्यात सापडली. तिच्याभोवती बऱ्याच जणी तोंड तिच्याकडे करून मेल्या होत्या. पण पेटीवर हालचाल दिसली. आदल्या संध्याकाळी उशिरापर्यंत बाहेर राहिलेल्या थोड्या, शंभरेक असतील, परत आल्या होत्या. ऊन पडल्यावर त्या फुलांकडे निघाल्या आणि पायांना पिवळे परागकण लावून माघारी येऊ लागल्या. मी ज्ञानूला फोन लावला.

"राणी न्हाई म्हंजे संपलं सायेब," तो म्हणाला. "हायत त्या आठ-पंधरा दिसांत जातील."

"अरे, पण त्या पराग आणताहेत. आत भरवायला पिलू नाही की काही नाही. कुणासाठी आणतात?"

"आता त्येंचं काम हाय ते," ज्ञानू म्हणाला. "जिवाला लावून घेऊ नका. जानेवारीत दुसरी देतो." मी फोन ठेवला.

तेवढ्यात लीलाबाई आल्या. नगरपंचायतीकडून आमचा बोळ झाडायला त्या आठ वर्षं येतात. परसाचं फाटक उघडं बघून त्या झाडू घेऊन आत आल्या आणि थबकल्या.

"आवं सायेब! ह्या समद्या कशानं मेल्या?"

"अर्जानं," मी म्हणालो. मग मला राहवलं नाही. वसाहत, पाटी, स्मरणपत्र, सगळं मी त्यांना सांगितलं. इतकं सविस्तर मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या झाडूवर हात ठेवून ऐकत होत्या. त्या हसल्या नाहीत.

"असंच व्हतंय," त्या म्हणाल्या. "माझाबी एक अर्ज असाच गेला. कारखान्यात. आमचं मालक ऊस टाकायच्या गव्हाणीवर व्हतं कामाला. हंगामात ट्रॉली अंगावर आली, गेलं. मग मी अर्ज टाकला, मालकाच्या जागंवर मला घ्या म्हनून. सोनिया माझी सातवीत व्हती, तिनंच लिवला."

माझ्या हातात पेटीचं झाकण होतं. ते कुठे ठेवावं ते मला सुचेना.

"त्येचं उत्तर आलं, कारखान्याला मालक न्हाई म्हनून. सोनियानं तीनदा वाचून दावलं. मला काय कळंचना. म्हनलं, कारखान्याला नसंल, मला व्हता की."

पेटीच्या दारात एक माशी येऊन बसली, पाय झाडून आत गेली. आमच्याकडे खेड्यात बाई नवऱ्याला मालक म्हणते. हे मला माहीत नव्हतं असं नाही. माझी आई म्हणायची. त्या दिवशीही मला माहीत होतं. शेरा झकास सुचला होता, म्हणून मी तो मारला.

"लीलाबाई," मी म्हणालो, "ते उत्तर मी लिहिलं होतं."

"ठावं हाय की," त्या म्हणाल्या. "खाली सही व्हती तुमची. हितं फाटकावर त्येच नाव हाय. सोनियानं कवाच वाचून सांगितलं."

"आठ वर्षं तुम्ही दारात येताय. कधी बोलला नाहीत?"

त्यांना माझा प्रश्न कळला नाही असं वाटलं.  आवाजात टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं, पण टोमणा नव्हता. अगदी साधेपणाने त्या म्हणाल्या, "काय बोलायचं सायेब? तुमी तुमचं काम करत व्हता."

मग त्यांनी पदर खोचला आणि झाडायला लागल्या. कोपऱ्यातल्या, घोडीखालच्या, पेरूच्या बुंध्याजवळच्या, सगळ्या एका जागी गोळा केल्या. मी म्हणालो, "ठेवा, मी करतो." त्या म्हणाल्या, "तुमाला न्हाई जमायचं." पत्र्याची सुपली भरली तशी त्या उठल्या आणि बोळाच्या तोंडाशी, निळ्या पाटीखाली उभ्या असलेल्या घंटागाडीकडे त्यांनी पाहिलं. नगरपंचायतीने हल्ली दोन डबे केले आहेत, एक हिरवा आणि एक निळा, आणि चुकीच्या डब्यात टाकलं तर मुकादम ओरडतो.

"सायेब," त्यांनी सुपली माझ्यापुढे धरून विचारलं, "ह्या वल्या कचऱ्यात टाकायच्या का सुक्यात?"

कुठला कागद कुठल्या फायलीत जातो हे विचारायला चौतीस वर्षं लोक माझ्याकडे येत. लीलाबाई उत्तराची वाट बघत होत्या. मागे पेटीच्या दारात पिवळ्या पायांची एक माशी उतरली आणि आत गेली.